बिरोबावस्तीचं कोरडं गटार

साखरबाईपुढं कुणी बोलायला लागलं, की तिच्या हातातली लोकर कातायची चाती थांबायची नाही. डाव्या हातात लोकरीचा पुंजका, उजव्या हाताच्या चिमटीनं चातीला गिरकी, आणि नजर त्या गिरकीवर. बोलणारा बोलून बोलून थकला, की ती एकदाच मान वर करायची आणि विचारायची, “झालं?” एवढ्या एका शब्दानं तिनं आजवर दोन सरपंच, सोसायटीचा एक चेअरमन आणि मतं मागायला आलेले कितीतरी पांढरे कपडे दारातून परत लावले होते. ज्याचं बोलणं ऐकण्याजोगं असेल त्याच्यासाठी ती चाती थांबवते, असं तीच सांगायची. वस्तीत कुणी ती थांबलेली पाहिली नव्हती.

ही वस्ती म्हणजे काटेखडक गावची बिरोबावस्ती. निमगाव केतकीहून दोन कोसांवर गाव. गावाला ऊस, उसाला पाणी, वरच्या आळीत घरोघर नळ, आणि नळावर भांडणं. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडेला ही वीस-बावीस घरं. सगळी एकेकाळी मेंढरामागं फिरणाऱ्यांची. माळरानं उसाखाली गेली, चराई बंद झाली, मेंढरं विकली गेली, आणि माणसं उरली. त्यांचं काय करायचं हे ठरलेलं नव्हतं, म्हणून ती तिथंच राहिली.

वस्तीला पाणी म्हणजे पाऊण कोसावरच्या बागायतदाराची विहीर. मालकाची मोटर चालू असेल तेव्हा, आणि मालकाची मर्जी असेल तर. ही मर्जी रोज सकाळी सांभाळायची साखरबाईची सून, बनाबाई. “दादा, भरू का दोन हंडं?” हे वाक्य ती दिवसातून दोन वेळा म्हणायची, आणि मालक कधी मान हलवायचा, कधी ऐकूच न आल्यासारखा विडी ओढत बसायचा. साखरबाई त्या विहिरीची पायरी कधी चढली नव्हती. घरात पाणी मात्र त्याच विहिरीचं होतं. याचा ती विचार करत नसे.

“म्या आजवर कुणापुढं हात पसरला न्हाय,” असं ती येईल त्याला ऐकवायची, आणि पुरावा म्हणून कोकणातली गोष्ट सांगायची. लग्नानंतरचं सहावं-सातवं वर्ष असेल. दिवाळी झाल्यावर घोड्यावर बिऱ्हाड लादून वस्ती कोकणात उतरली होती. एका गावात विहिरीच्या मालकानं सांगितलं, आधी आमची गुरं, मग आमच्या बायका, मग बघू तुमचं. साखरबाई वाट पाहत उभी राहिली. सूर्य डोक्यावर आला तरी मालक बघेना. नवरा सोनबा म्हणाला, आणखी एकदा विचारू. साखरबाईनं घोडीचा लगाम धरला आणि तहानलेल्या मेंढरांसकट तीन कोस पुढं चालत निघाली. पाणी सापडलं, पण तोवर अकरा कोकरं गेली होती.

गोष्ट ती इथंच संपवायची. “अकरा गेली, पर दुसऱ्यांदा मागितलं न्हाय!” ऐकणारा वाहवा करायचा. सोनबा जिवंत होता तोवर कोपऱ्यातून हळूच एक वाक्य जोडायचा, “कोकरं वरडत व्हती, साखरे.” ते वाक्य तिनं गोष्टीत कधी घेतलं नाही. सोनबा गेल्यावर ते आपोआपच गळून पडलं.

आता घरात बनाबाई, नात रोहिणी आणि ती. मुलगा जोतीराम बारामतीच्या एमआयडीसीत कामाला होता, सुट्टीला यायचा. रोहिणी सातवीत होती. गावची शाळा सातवीपर्यंत, पुढची निमगावला, आणि निमगावची एसटी सकाळी सातला फाट्यावर यायची. रोहिणी सातला काय करायची? हंडा घेऊन विहिरीवरून येत असायची. बनाबाईची कंबर धाकट्या मुलाच्या बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नव्हतं. तिला एका वेळी एकच हंडा झेपायचा. दुसरा रोहिणीचा. म्हणजे हिशेब सरळ होता. वस्तीत हापसा आला तर रोहिणी आठवीला जाईल, नाही आला तर नाही.

हे जोतीरामनं ओळखलं होतं. एका सुट्टीला त्यानं वस्तीतल्या सगळ्यांना पिंपळाखाली बसवलं आणि अर्ज लिहायला घेतला. ‘मेहरबान साहेबांचे सेवेशी, नम्र विनंती अर्ज की…’

“कशाची नम्र?” साखरबाईची चाती फिरत होती. “पाणी काय त्येच्या बापानं पाडलंय? खोड ते.”

“आई, अर्जाची रीत असती तशी.”

“रीत त्येंची. आपली न्हाय. आन् मेहरबान कोण? त्येनं आजवर कसली मेहरबानी केली? खोड.”

जोतीरामनं खोडलं. खाडाखोड होऊन उरला तो अर्ज असा: ‘बिरोबावस्तीला पाणी नाही, हापसा पाहिजे, कळवतो.’ वस्ती खूश झाली. अर्ज काय, नोटीसच होती ती. दोन दिवस सगळे साखरबाईचं कौतुक करत होते, आणि जोतीराम बारामतीला जाताना कागद घडी करून तालुक्याला देऊन आला.

अर्जाचं उत्तर आलं नाही. दादासो आला.

दादासो हा वरच्या आळीचा, ग्रामपंचायतीचा मेंबर. पूर्वी कारखान्यावर उसाच्या गाड्यांचे नंबर पुढं-मागं करून द्यायचा, त्यातून त्याची साहेबलोकांशी ऊठबस झाली. आता खिशाला दोन पेनं, हातात डायरी, ढुंगणाखाली राजदूत फटफटी. त्या डायरीत कुणी काही लिहिलेलं पाहिलं नव्हतं. पण बोलताना तो ती उघडायचा, एका कोऱ्या पानाकडं बघायचा आणि मिटायचा. मग समोरच्याला वाटायचं, काहीतरी नोंद झाली.

“मावशी, तुमच्या वस्तीचं काम झालं,” तो म्हणाला. “गटार मंजूर करून आणलंय.”

चाती फिरत राहिली. “हापसा मागितला व्हता.”

“हापशाच्या हेडखाली पैसा न्हाय यंदा. गटाराच्या हेडखाली हाय. सांडपाण्याचा निचरा, मागास वस्तीसाठी खास. मार्चच्या आत खर्च झाला न्हाय तर माघारी जाईल.”

“मग जाऊ दे की माघारी. त्येला काय पाय न्हाईत व्हय?”

त्या साली सरकारला गरिबांच्या सांडपाण्याची काळजी लागली होती. लहान गावांतल्या मागास वस्त्यांना गटारं बांधून द्या असा वरून हुकूम निघाला, पाठोपाठ निधी निघाला. वस्तीत सांडायला पाणी आहे का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्याचं हेड नसेल.

आणि बिरोबावस्तीत तर पाणी सांडणं हा गुन्हा होता. तांदूळ धुतलेलं पाणी शेळीला. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची, विसळायची चैन सणासुदीला. अंघोळीचा दगड मुद्दाम शेवग्याच्या मुळाशी मांडलेला, म्हणजे माणूस आणि झाड एका तांब्यात उरकतं. हंड्यातून डुचमळून चार थेंब वाटेत पडले तर बनाबाई मागं वळून त्या ओल्या ठिपक्यांकडं बघायची. अशा वस्तीला सिमेंटचं गटार मिळालं.

काम दादासोच्या भाच्यानं केलं. भूमिपूजनाला नारळ फुटला, त्याचं पाणी जमिनीवर सांडलं. योजनेतलं पहिलं सांडपाणी ते. खड्डे खणले, फरशा बसवल्या, कडेला पिवळी पाटी उभी राहिली आणि तिच्यावर दादासोचं नाव कामाच्या नावापेक्षा मोठं निघालं.

आता गटार वस्तीचं, तर ते वस्तीत सुरू व्हावं. पण ते सुरू झालं वर, दादासोच्या न्हाणीच्या भिंतीपाशी. तिथून वरच्या आळीच्या पाठीमागून सरळ उतरत वस्तीतून घराघरासमोरून ओढ्यापर्यंत गेलं. उन्हाळ्यात विहिरीच्या मालकाची मर्जी फिरली, की वस्ती त्याच ओढ्यात खड्डा करून झिऱ्याचं पाणी वाटीवाटीनं भरायची. त्या झिऱ्याच्या वर दहा पावलांवर गटाराचं खालचं तोंड उघडत होतं.

“गटार आमचं, मग त्येचं तोंड तुझ्या न्हाणीपाशी कसं?” साखरबाईनं विचारलं.

“उतार साधाय लागतो मावशी. इंजिनेरिंग असतं ते.”

“झालं?” साखरबाई म्हणाली, आणि तिला वाटलं विषय संपला. मेंढरामागं चाळीस वर्षं हिंडलेल्या बाईला उतार कळत नव्हता असं नाही. कुठलं पाणी कुठं जाईल हे तिला दादासोच्या इंजिनेरापेक्षा आधी दिसत होतं. पण दिसलेलं पुन्हा पुन्हा बोलत बसणं, भांडणं, चार जणांना घेऊन ग्रामपंचायतीत जाऊन उभं राहणं, हे तिला कमीपणाचं वाटायचं. एकदा टोमणा मारला की तिचं काम झालं. दादासोसारख्या माणसाला टोमण्यानं काही होत नाही, हे कळायला अक्कल लागत नाही, गरज लागते, आणि आपल्याला कुणाची गरज आहे हेच ती मान्य करत नव्हती.

गटार महिनाभर कोरडं ठणठणीत पडलं होतं. वस्तीनं त्याचा उपयोग शोधला. शेजारच्या फुलाबाईनं त्यात मटकी वाळत घातली. कोंबड्यांनी अंडी घातली. पोरं त्यातून गोट्या सोडायची, वरून सोडलेली गोटी ओढ्यापर्यंत न थांबता जायची. उतार खरोखरच चांगला साधला होता.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निरोप आला, तालुक्याचे साहेब पाहणीला येणार. गटार वाहतं दिसलं तरच काम पुरं झाल्याचा दाखला मिळणार. वाहतं! दादासोची तारांबळ उडाली. सकाळी सकाळी तो वस्तीत आला, बायकांना दटावून गटार झाडून घेतलं, अंडी उचलायला लावली. आणि नऊच्या सुमाराला वस्तीनं आजवर न पाहिलेली गोष्ट पाहिली. टँकर आला. ज्या टँकरसाठी दोन उन्हाळे वाट पाहिली होती तो टँकर धुरळा उडवत आला आणि वस्तीत न थांबता वर गेला, दादासोच्या न्हाणीपाशी.

“दादासो, दोन हंडं भरून घेऊ द्या की,” बनाबाई म्हणाली.

“हे पाणी हेडचं हाय,” दादासो म्हणाला. “गटाराच्या तपासणीचं. पिण्याचं न्हाय ते.”

आणि त्यानं पाणी गटारात सोडायला लावलं. स्वतः साहेबांच्या जीपला सामोरा जायला राजदूतवरून फाट्यावर गेला.

साखरबाई तेव्हा दारात उभी होती. वरून पाण्याची जीभ गटारातून वळवळत खाली येताना तिला दिसली, आणि म्हातारी एकदम तिशीतली झाली. “पयलं गढूळ जाऊ द्या!” ती ओरडली. “रोहिणे, घोंगडी आण. दोन्ही आण.” मेंढरं राखताना ओढ्याची धार अडवून कळप पाजायची ही जुनी रीत. भिजलेली जाड घोंगडी दुमडून पाण्यात आडवी टाकायची, वर धोंडे ठेवायचे, की घोंगडी फुगते, चिंध्यांतून झिरपावं तसं पाणी नुसतं पाझरतं, मागं डोह धरतो. तिनं तसंच केलं. पहिला धुरळा वाहून गेला, मागून पाणी निवळशंख आलं आणि गटारात गुडघाभर तुंबलं.

मग वस्तीनं जे केलं ते पाहायला हवं होतं. हंडे, घागरी, बादल्या, परात, पोरांच्या दुधाचं पातेलं, जे हाताला लागेल ते भरलं. भरून घराघरासमोर ओळीनं मांडलं. तरी टँकर संपेना. मग फुलाबाईनं पोरांना गटाराकडेला बसवून अंघोळी घातल्या, साबण लावून. कुणी लुगडी धुतली, कुणी गोधड्या. भांडी चक्क विसळली. माणसं हसत होती, एकमेकांवर पाणी उडवत होती. रोहिणीनं केस धुतले, तिचे केस इतके लांब आहेत हे शेजारणींना त्या दिवशी कळलं. आणि साखरबाई मधोमध उभी राहून हुकूम सोडत होती. मागितलं नव्हतं, घेतलं होतं. तिच्या दृष्टीनं यापरतं दुसरं सुख नव्हतं.

सगळं भरून झाल्यावर तिनं घोंगडी काढून घेतली. उरलेलं पाणी साबणाच्या फेसासकट खळखळत ओढ्याकडं गेलं, आणि नेमकी तेव्हा जीप आली.

साहेब उतरले. नाकाला रुमाल होता, वास कसलाच नव्हता. त्यांनी पाहिलं. गटार वाहत होतं. त्यात फेस होता. धुणी वाळत होती, पोरं ओली होती, आणि प्रत्येक दारात काठोकाठ भरलेल्या हंड्यांची रांग होती. साहेबांबरोबरच्या क्लार्कनं कागद काढला.

दादासोनं हे सगळं एका नजरेत पाहिलं. आधी त्याचा चेहरा पडला, मग फुलला. “वापर बघा साहेब,” तो म्हणाला, “पुरेपूर वापर चाललाय.”

साहेबांकडं दोन कागद होते. एक गटाराच्या पाहणीचा. दुसरा त्या हापशाच्या अर्जाचा, वस्तीनं ‘कळवलेल्या’. तो कुठं हरवला नव्हता. एकाच फेरीत दोन्ही चौकशा उरकून टाकायच्या होत्या. तसं क्लार्कनं मोठ्यानं सांगितलंही, “हातपंपाचं पण बघायचंय साहेब.” बनाबाईनं ते ऐकलं, तिनं सासूच्या पाठीला हळूच बोट लावलं.

साखरबाईनं आत जाऊन तांब्या भरून आणला. घासूनपुसून लख्ख केलेला पितळी तांब्या. पाहुणा दारी आला की पाणी द्यायचं, तो कसाही असो. वस्तीत कुणाच्या घरचं पाणी संपलेलं असलं तरी पाहुण्यापुरतं शेजारून यायचं. आणि आज तर पाणी होतं. तिनं तांब्या पुढं केला.

“नको, नको,” साहेब मागं सरकले. “ठेव तिकडं बाई. असलं पाणी आम्हाला चालत नाही.” आणि त्यांनी ड्रायव्हरकडून जीपमधली बाटली मागवून घेतली.

साखरबाई तांब्या धरून तशीच उभी राहिली. साहेब बाटलीतलं पाणी प्याले, तोंड पुसलं आणि कागद बघत विचारलं, “हां. पाण्याची काय अडचण आहे का तुम्हाला?”

सगळ्यांनी साखरबाईकडं पाहिलं. वस्तीची रीतच होती, साखरबाई समोर असताना दुसऱ्यानं बोलायचं नाही. बनाबाईनं पुन्हा बोट लावलं. “आत्याबाय, सांगा की,” ती पुटपुटली.

साखरबाईनं तांब्यातलं पाणी सावकाश शेवग्याच्या मुळाशी ओतलं. “आमाला कसली अडचण न्हाय,” ती म्हणाली. “तुमच्यावाचून आमचं काय अडत न्हाय. तुमी तुमची बाटली सांभाळा.”

“म्हणजे अडचण नाही?”

“न्हाय म्हटलं न्हवं एकदा!”

क्लार्कनं लिहून घेतलं, शाईचा पॅड पुढं केला. साखरबाईनं अंगठा असा दाबून उठवला की कागद फाटायची वेळ आली. जीप गेली. दादासो तिच्या मागोमाग गेला, जाताना वळून एकदा हसला.

“आत्याबाय,” बनाबाई म्हणाली, “हापसा मागायचा व्हता.”

“मागून कशाला? त्येंच्या डोळ्याला दिसत न्हाय व्हय?”

बनाबाईनं मागं वळून पाहिलं. साहेबांच्या डोळ्यांना जे दिसलं ते तिच्या मागं ओळीनं भरून ठेवलेलं होतं. ते पाणी चार दिवस पुरलं.

काम पुरं झाल्याचा दाखला निघाला. आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात दादासोनं न्हाणीची भिंत फोडून पाइप काढला. पाठोपाठ वरच्या आळीतल्या सगळ्यांनी काढले. न्हाण्या, मोऱ्या, दोन संडास. एका सकाळी गटार पुन्हा वाहायला लागलं, आणि पोरं हंडे घेऊन धावली. धावली तशी नाक धरून परत आली. काळंनिळं, साबणाचं, उष्ट्याखरकट्याचं पाणी घराघरासमोरून जात होतं. ओढ्यात जाऊन ते झिऱ्याच्या खड्ड्यात भरलं.

साखरबाई स्वतः वर गेली. दादासो ओट्यावर दाढी करत बसला होता.

“मावशी, पाणी उताराला जायाचंच,” तो आरशातूनच म्हणाला. “आन् गटार तर तुमच्याच नावानं मंजूर हाय. आमी आपलं उरलंसुरलं सोडतोय. तुमाला तर कसली अडचणच न्हाय, तुमीच सांगितलं साहेबांना.”

“झालं?” साखरबाई म्हणाली.

“झालं की,” दादासो म्हणाला आणि हनुवटीवर वस्तरा फिरवला.

तिला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकली नाही. परत येताना उताराला तिचा पाय दोनदा घसरला.

मेच्या अखेरीस पोस्टमन कागद घेऊन आला. अर्ज जोतीरामच्या नावाचा, जोतीराम बारामतीत. रोहिणीनं पाकीट फोडलं. पिंपळाखाली सगळे जमले, कारण उत्तर सगळ्यांचं होतं. रोहिणी मोठ्यानं वाचू लागली. ‘मौजे काटेखडक येथील बिरोबावस्तीत समक्ष पाहणी केली असता सांडपाण्याचे गटार वाहते आढळून आले. घरोघरी पाण्याचा पुरेसा साठा दिसून आला. तसेच…’

रोहिणी थांबली.

“वाच की,” साखरबाई म्हणाली. चाती फिरत होती.

“‘तसेच वस्तीतील ज्येष्ठ महिला साखरबाई सोनबा हुलगे यांनी पाण्याची कोणतीही अडचण नसल्याचे समक्ष सांगितले आहे. सबब हातपंपाची मागणी निकाली काढण्यात येत आहे.’”

कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर साखरबाईकडं प्रत्येकीला पुरेल एवढा साठा होता. पण फुलाबाई उठून घरी गेली, मागोमाग बाकीचे गेले. बनाबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि हंडा उचलला. झिरा नासल्यापासून तिला तिसरी खेप करावी लागत होती. रोहिणीनं कागदाची नीट घडी घातली, आजीच्या पुढ्यात ठेवली आणि आईच्या मागं दुसरा हंडा घेऊन निघाली. वाटेत फुफाटा तापला होता, पोरगी टाचा उचलून चालत होती.

कोकरं वरडत व्हती, साखरे.

सोनबाचं ते वाक्य इतक्या वर्षांनी साखरबाईला त्याच्याच आवाजात आठवलं. ती दारात बसून राहिली. समोरून दादासोच्या न्हाणीचं पाणी वाहत होतं. इतकी वर्षं तिनं जगाला तुच्छ मानलं होतं, आणि जग तिच्या दारावरून तसंच वाहत गेलं होतं, त्याला पत्ताही नव्हता. ज्यानं भरलेला तांब्या परत केला त्या माणसाला चार शब्द सुनावले, त्याला काय लागले? तो जीपमध्ये बसून गेला. लागले ते या पोरीच्या टाचांना. स्वतःची तिला इतकी किळस कधी आली नव्हती.

जूनमध्ये निमगावची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी सातची एसटी फाट्यावर थांबली, तिचा हॉर्न वस्तीत ऐकू आला. रोहिणी तेव्हा विहिरीवर होती, मालक विडी ओढत होता.

ती परत आली तेव्हा साखरबाई उंबऱ्यात चाती फिरवत बसलेली होती. “सातवीची वही हाय न्हवं?” ती म्हणाली. “मागची पानं कोरी असतील. घिऊन यी.”

रोहिणी वही घेऊन बसली.

“लिही. बिरोबावस्तीला पाण्याची अडचण हाय.”

रोहिणीनं लिहिलं.

“साखरबाई खोटं बोलली व्हती, म्हून लिही.”

“आज्जे, असं न्हाय लिहीत अर्जात.”

“लिही. तिला मस्ती व्हती, म्हून लिही.”

रोहिणीनं थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘पूर्वी दिलेला जबाब चुकीचा होता.’ मग पेन थांबवून तिनं आजीकडं पाहिलं. “वर काय लिहू? आन् शेवटाला कळवतो म्हून लिहू?”

साखरबाईनं चाती जमिनीवर ठेवली. ती फिरत फिरत आडवी पडली.

“न्हाय,” ती म्हणाली. “मेहरबान लिही. नम्र लिही.” तिनं वहीच्या पानावर बोट टेकवलं. “मागतीया म्हून लिही.”

रोहिणीनं तसं लिहिलं, शाईच्या बाटलीचं बूच उघडून आजीचा अंगठा घेतला, आणि पान वाळायला दगडाखाली ठेवलं. मग तिनं रिकामा हंडा उचलला. दुसऱ्या खेपेला उशीर झाला होता आणि मोटर बंद व्हायची वेळ आली होती.